दुधाचा वास आणि तीन दुकानांचे भाव

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग आहे. मालकांच्या गाडीखाली पालथा पडून लिहितोय. का, ते शेवटी.) ताईची कंबर आता कशी आहे? तुमचा चष्मा सापडला का? शिलाई मशीनच्या खणात बघा, मागच्या वेळी तिथेच निघाला होता. मी इकडे मजेत आहे. तुम्हाला वाटतं तसा नाही, खरोखरच.

ही ड्रायव्हरची चौथी नोकरी गेली तर गुपचूप परत यायचं आणि तुमच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणं करत बसायचं, असं तुम्ही निघताना बजावलं होतं. तर ऐका. मालक आठ दिवस परगावी गेले आणि गाडी माझ्या भरवशावर ठेवून गेले. दुसऱ्याच दिवशी वळणावर पाच लिटर दुधाचा कॅन मागच्या सीटवर आडवा झाला. (झाकण कोणी लावलं होतं, त्यात शिरायला नको.) दोन दिवसांत असा वास सुटला की गल्लीतलं मांजर धावत आलं आणि नाक मुरडून परत गेलं. मालकांचं नाक तर असं की शेजारच्या इमारतीत काय करपलं ते घरात बसून सांगतात. मला डोळ्यांपुढे बटणंच दिसायला लागली.

मग मोबाईलवर गाड्या साफ करणारी तीन दुकानं शोधली आणि तिघांना भाव विचारला. तिघेही म्हणाले, फोटो पाठवा. आता वासाचा फोटो काढायचा कसा? मी मांजराचा पाठवला. भाव आले ते माझ्या पगाराच्या डोक्यावरून गेले. म्हणून तुमचंच शस्त्र काढलं. गिऱ्हाइकाने दुसऱ्या शिंप्याचं नाव घेतलं की तुम्ही त्याची शिवण कशी उसवता, तसं. पहिल्याला कळवलं, दुसरा स्वस्तात करतोय. तो भडकला, म्हणाला तो नुसतं अत्तर मारतो, सीट कुठे खोलतो? हे दुसऱ्याला कळवलं, तर तो म्हणाला पहिला सीट खोलतो पण खालचा गालिचा काढत नाही, आणि दूध मुरतं ते तिथेच. तिसऱ्याने दोघांनाही मोडीत काढलं, म्हणाला व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन तीन दिवस उन्हात टाकल्याशिवाय हा वास जन्मात जायचा नाही. दाजी, भाव कोणीच उतरवला नाही, पण एकमेकांची उणीदुणी काढता काढता तिघांनी मिळून मला सगळी विद्या शिकवली.

सीट मी खोलली, गालिचा मी धुतला, तीन दिवस उन्हाबरोबर जागा बदलत बसलो. काल मालक आले, गाडीत बसले, दोनदा नाक वर करून श्वास घेतला आणि म्हणाले, "नवी घेतली तेव्हा पण एवढी स्वच्छ नव्हती. कोणाकडून केलीस रे?"

जिंकलो, दाजी. काज-बटणांना दुसरा माणूस बघा.

तुमचा मेहुणा

ता. क. मालकांना मी तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, आमचे दाजी वीस वर्षं हेच करतात. आता रविवारी त्यांच्या घरच्या आणखी तीन गाड्या तुमच्या हाती द्यायच्या ठरल्यात. तेव्हा शनिवारी निघून या. घाबरू नका, सीट म्हणजे शेवटी मोठी उशीच. काम मी सांगेन, तुम्ही माझ्या हाताखाली राहायचं आणि मालकांसमोर बाकीच्या दुकानांना नावं ठेवायची. ते तुम्हाला शिकवावं लागणार नाही.

ता. क. दुसरा. येताना शेजारच्या मिस्त्रीकडून नट आवळायचे पाने मागून आणा. सीट बसवल्यावर चार बोल्ट उरलेत आणि ते कुठले, हे खालून बघूनही कळत नाहीये. मालक म्हणाले, सीट आता कशी झोपाळ्यासारखी आरामशीर डुलते. तुम्ही येईपर्यंत त्यांना तसंच वाटू दे.