शिलंगणाचा बार

गुरुवार, ३ ऑक्टोबर
सकाळच्या एसटीनं लातूरहून निघालो, दुपारी तालुक्याच्या गावी, वाशीला उतरलो. मेहुणा रणधीर जीप घेऊन आला होता. गावाबाहेर त्यांचं नवं दुमजली घर आहे, समोर सोयाबीनची गंज. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, मग धपाटे आणि दही वाढलं. मी दोनदा मागून घेतलं. रोहिणीनं माझ्याशी तिच्या मर्जीनं लग्न केलं, म्हणून अकरा वर्षांत या घराची पायरी चढलो नव्हतो. आषाढात ती छातीच्या आजारानं गेली. आता यांनीच निरोप धाडला, की लातूरला तुमचं कोणी नाही, पहिल्या सणाचा दुखवटा आपण इथंच काढू. दसऱ्यापर्यंत राहायचं आहे. वरची खोली हवेशीर आहे. बरं वाटलं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
दुखवटा काढण्याची यांची रीत सासऱ्यांनी, बब्रुवानरावांनी, सांगितली. घरात कोणी गेलं की पहिल्या दसऱ्याला सगळ्यात जवळच्या माणसानं शिवेवर जाऊन रिव्हॉल्व्हरचा बार काढायचा. त्या आवाजासरशी गेलेलं माणूस शीव ओलांडतं. तोवर ते घरातच असतं. सोयाबीनचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी मान हलवली.

मग रणधीरनं लाल मखमलीतून ते काढलं. पणजोबांचं, निजामाच्या काळातलं, लायसनचं. त्याच्या गोळ्या आता मिळत नाहीत. मिळतात त्या तेवढ्याच जाडीच्या, पण लांब, आणि दारूही जोरकस. त्या बसेनात, म्हणून या बहाद्दरानं चक्रातली गोळ्यांची घरं लेथवर खोल करून घेतली. जवळपास कोणी हात लावेना, तर पार मुरुम गावी जाऊन. तरी टोकं बाहेर येऊन चक्र अडतंय, म्हणून टोकं कानशीनं घासतो. हे सगळं तो अभिमानानं सांगत होता. मी आयटीआयमध्ये टर्नर शिकवतो. पहिल्या वर्षाच्या पोरानं असं काम केलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं.

शनिवार, ५ ऑक्टोबर
समजावून पाहिलं. हे सौम्य दारूसाठी केलेलं जुनं लोखंड, त्यात घरांच्या भिंती आणखी पातळ झाल्या. आज नाही तर उद्या हातात फुटेल. सासऱ्यांनी पिंक टाकली आणि सगळ्यांना म्हणाले, आमचे जावई मास्तर आहेत.

रणधीर म्हणाला, ‘‘दाजी, लोखंड हाय ते, काच न्हाय.’’

ट्रॅक्टरला कंपनीचं सोडून दुसरं ऑइल चालत नाही यांना. तोंडासमोर धरायच्या वस्तूत मात्र काहीही.

रविवार, ६ ऑक्टोबर
माझी भीती घालवायची म्हणून रणधीरनं बांधावर एक गोळी उडवली. काही झालं नाही. गडीमाणसं हसली. रिकामी पुंगळी चक्राच्या घरात अडकली, ती खिळा लावून हातोडीनं काढावी लागली. उचलून पाहिली तर वाळल्या शेंगेसारखी उभी उकललेली. हा पुरावाच होता. सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तिला हळदीकुंकू लावलं आणि घटापुढं नेऊन ठेवली.

यांच्याशी पुढं काय बोलायचं.

सोमवार, ७ ऑक्टोबर
सासऱ्यांचे धाकटे भाऊ कोंडिबा गोठ्यामागच्या खोलीत राहतात. आज पहिल्यांदा दिसले. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधे काही नाही. मागच्या दसऱ्याला, बायको जाईबाई गेल्यावर, बार यांनीच काढला होता. तेव्हा चक्र फुटलं; आताचं दुसरीकडून जुनंच आणून बसवलेलं, तसंच खोल केलेलं. घरात कोणी मला हे सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, तुम्हाला गोळीचं ठाऊक नसणार.

‘‘ठावं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘हात जाईल हे बी ठावं होतं.’’

मग का, विचारलं.

‘‘ती कण्हायची. चुलीपाशी, दिवसाढवळ्या. मानसानं किती दिस ऐकावं?’’

त्यानंतर एकदाही आवाज आला नाही म्हणतात. डाव्या हातानं भाकरी मोडत होते, चेहरा अगदी निवांत. मूर्खांत आणखी एक.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
वाशीला जाऊन दाढीचं सामान आणलं. दुपारी स्वयंपाकघरात खोकला ऐकू आला. जाऊन पाहिलं, कोणी नाही. सासूबाई रानात होत्या. रोहिणीच्या खोकल्याच्या शेवटी शीळ वाजायची, तशीच वाजली. छातीचा आजार असला की कुणाचीही वाजते.

बुधवार, ९ ऑक्टोबर
आज दोनदा. सासूबाईंना विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. त्यांनी सुपातून नजर उचलली नाही.

‘‘तुमालाबी ऐकू आली व्हय,’’ म्हणाल्या. ‘‘आखाडापासनं हाय ती. म्हणून तर बोलावलं तुमाला. आमी तिला अकरा वर्सं तोडलं. आमच्या हातानं कशी जाईल? तुमचं ऐकंल.’’

या घरात खुळचटपणा हवेतून लागत असावा. मला लागायला आठवडासुद्धा लागला नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर
बॅग भरून वाशीच्या स्टँडवर गेलो. बाकावर एकटाच होतो. लातूरची गाडी लागली. शेजारी, अगदी खांद्याशी, ती खोकायला लागली. श्वास पुरत नव्हता. गाडीत चढताना तिला पायऱ्या— उभी राहायची, कठडा धरून—

गाडी गेली. मी परत आलो. रणधीरनं बॅग वर नेऊन ठेवली.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
खंडेनवमी. विळे, कुऱ्हाडी, पान्हे आणि त्यांच्यामध्ये ते. झेंडूची माळ घातलेलं.

दुसरी बंदूक आणा म्हणालो. सुतळी बॉम्ब लावा म्हणालो. सासरे हसले. बार याचाच लागतो.

जेवता येत नाही. ती भिंतीपलीकडं आहे. दवाखान्यातही मी काचेच्या अलीकडंच उभा होतो. मास्क पक्का बसवा एवढंच सांगता आलं.

हे लोक अडाणी आहेत. हे मी लिहून ठेवतो. रीत खोटी आहे. खोकला—

शनिवार, १२ ऑक्टोबर
दसरा. सगळे शिवेकडं गेले. जीप मला न्यायला येईल.

ते टेबलावर आहे, भरलेलं. चक्र उघडून पाहिलं. घासलेली टोकं. एका घराच्या भिंतीला केसासारखी रेघ. कालपर्यंत नव्हती, की मी पाहिली नव्हती. घोडा ओढला की तेच घर नळीसमोर येईल. फिरवून दुसरं आणता येईल. दुसरं तरी काय—

कोंडिबा दारात येऊन गेले. म्हणाले, तोंड वळवून धरा, डोळे वाचतात. माझे वाचले.

ती थांबत नाही. सकाळपासून एकदाही— श्वास आत जातच नाही तिचा. सासूबाई जाताना तिथं दारापाशी टेकल्या होत्या, पदर तोंडात धरून.

हसावं असं आहे सगळं. माझे विद्यार्थी हसतील.

जाईन मी.

धुतलेला शर्ट काढला. वरचं बटण तुटलंय. सुईदोरा मिळाला. सुई ओवायला दोन्ही हात लागतात, तेवढं आताच उरकून