एक्केचाळीस सह्या

५ मार्च

चि. ढब्बू यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या लस-तपासणी संस्थेचं अभिनंदन करावं म्हणून हे पत्र. तुम्ही पसंत केलेली लाळ्या-खुरकुताची लस आमच्या गल्लीतल्या एक्केचाळीस गायींना दोनदा टोचली. त्यातल्या बावीस आता तोंडातून लाळेच्या तारा सोडत, दुखरे खूर उचलत उभ्या आहेत. माझ्या चारही दुभत्या पडल्या. दोन भाकड तेवढ्या मजेत रवंथ करताहेत. त्यांना तुझी लस मानवली असावी. समोरच्या शिंपीणबाईंची एकुलती एक गायही पडली, आणि तिच्याखाली दीड महिन्याचं वासरू आहे.

दूध केंद्राची प्रमुख म्हणून लोक मलाच विचारतात, की भाचा नक्की काय तपासतो? मी सांगते, खिडकीबाहेरचं हवामान.

तब्येत जप. तुमच्या संस्थेत जपण्यासारखं दुसरं काही दिसत नाही.

अजून तरी तुझ्यावर माया असलेली,
आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. हसले नाहीत. एक्केचाळीसपैकी बावीस आजारी, म्हणजे लस निकामी, असा अहवाल त्यांनी लिहायला घेतलाय. तो वर गेला की तुमच्या सगळ्या भागातलं लसीकरण थांबेल. तक्ता मीच करून दिला होता. तुझं लसीकरणाचं रजिस्टर इतकं देखणं, कुठे खाडाखोड नाही, की पुढे काही पाहायची मला गरजच वाटली नाही.

पण तुझ्या भाकड गायी डोक्यातून जाईनात. लसीला भाकड-दुभती कळते, असा शोध लागला तर माझा पुतळाच उभा राहील. म्हणून दुसऱ्या डोसनंतर महिन्याने तुमच्या गायींचं घेतलेलं रक्त फ्रीझरमधून काढलं. हे आधीच करायला हवं होतं; आळस माझा. एकोणीस नळ्यांत या रोगाशी लढायची ताकद भरपूर आहे. बावीस नळ्यांत जेमतेम, एकच डोस मिळाल्यासारखी. आजारी गायीही त्याच बावीस. दोन डोस पोचलेली एकही आजारी नाही.

रजिस्टरात मात्र दुसऱ्या डोसपुढे एक्केचाळीस सह्या आहेत, सगळ्या तुझ्या. आत्या, खरं काय ते लिही. महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे.

चिडलीस तरी चालेल, लोभ आटू देऊ नकोस.
ढब्बू

१५ मार्च

चि. ढब्बू यास,
आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली बाई, तुझ्या नळ्यांतलं मला काय कळणार. टोचणाऱ्याला विचार. केंद्रात कामं पडली आहेत, तुझ्यासारखी सवड नाही.

आत्या

१९ मार्च

चि. ढब्बू यास,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र फाडून टाक.

काल शिंपीणबाईंचं वासरू दूध पिता पिता खाली बसलं, ते उठलंच नाही. डॉक्टर म्हणाले, या रोगाने कोवळ्या वासरांचं काळीज बंद पडतं.

दुसऱ्या डोसच्या आठवड्यात उत्कृष्ट केंद्राच्या ढालीसाठी तपासणी होती. टोचलं की दोन दिवस दूध घटतं. मी टोचणाऱ्याला सांगितलं, भाकडांना टोच, दुभत्यांचं नंतर बघू, माझ्या सह्या आजच घे. तो नको म्हणत होता, मी दरडावलं. ते 'नंतर' आलंच नाही. ढाल मात्र आली. केंद्रात टांगली आहे, माश्यांची चांगली सोय झाली.

आज केंद्रात सगळ्यांसमोर हे सांगितलं. भाषणांची मला सवय आहे, या वेळी टाळ्यांसाठी थांबावं लागलं नाही एवढंच. शिंपीणबाई तेवढ्या म्हणाल्या, “त्या दिवशी माझ्या दारावरूनच गेलात. मला विचारायचं तरी.” मग बादली उचलून निघून गेल्या.

सोबत लेखी कबुली जोडली आहे. साहेबांना तीही वाचून दाखव. प्रमुखपद सोडलं.

माया ठेव म्हणायला आज तोंड नाही.
आत्या

८ सप्टेंबर

चि. ढब्बू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा सुधारलेला अहवाल वाचला. दोन डोस मिळाले तर लस राखते, चूक नोंदीत होती, असं लिहिलंस. नोंद कुणाची ते घरच्या माणसासाठी गाळलंस. संस्थेत राहून एवढी लबाडी शिकलास, कौतुक वाटलं. पुढच्या वेळी गाळू नकोस.

लसीकरण थांबलं नाही. काल नवी फेरी आमच्या गल्लीत आली. रजिस्टर आता शिंपीणबाईंकडे असतं. माझ्या गोठ्यात त्या टोचणाऱ्याच्या मागोमाग आल्या. सहाही गायींना टोचून होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग एकेकीच्या मानेवर हात फिरवून सुईची जागा चाचपली, आणि तेव्हाच सही केली. मी गायींची दावी धरून उभी होते.

जमेल तेव्हा ये, आणि आलास की आधी त्यांच्याकडे जा.

तुझी,
आत्या