वर्ध्यातल्या समुद्राचे कुलूप उघडण्याबाबत

नालवाडी, वर्धा
दिनांक १९ ऑगस्ट १९५७

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
राज्यदर्शन चित्रप्रदर्शन,
कचेरीचे आवार, वर्धा.

विषय : कोकण किनाऱ्यावरील प्रेक्षणीय स्थळांच्या चित्रांची खोली पुन्हा उघडणेबाबत.

संदर्भ : सदर खोलीच्या दारावर चिकटवलेली आपली सूचना, 'गैरवर्तनामुळे बंद'.

महोदय,

१. मी खाली सही करणार शकुंतलाबाई, कै. प्रभाकरराव आंजर्लेकर यांची पत्नी. माहेर व सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यात, आंजर्ले येथे. यजमान येथील कापूसबाजारात कारकून होते, म्हणून लग्नानंतर इकडे आले. ते जाऊन सहा वर्षे झाली. मूलबाळ नाही. तिकडचे घर दिरांनी विकले, तेव्हा परत जायलाही जागा उरली नाही. हा मजकूर अर्जाशी संबंधित नाही असे आपणास वाटेल. पण आहे.

२. गेल्या नोव्हेंबरात आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि नव्या राज्याची ओळख व्हावी म्हणून सरकारने ही चित्रे येथे पाठवली. गावातले लोक आले, बघून गेले. मी आत पाऊल टाकले तो समोरच्या भिंतीवर हर्णैचा किनारा आणि पाण्यात सुवर्णदुर्ग. मी तिथेच खाली बसले. आपले लिपिक श्री. रूपराव यांना वाटले मला भोवळ आली. त्यांनी पाणी आणून दिले, त्याबद्दल मी आभारी आहे. भोवळ आली नव्हती. आमच्या कड्यावरच्या गणपतीपाशी चढून गेले की हाच किल्ला दिसतो, आणि लहानपणी मी तो रोज पाहिलेला आहे.

३. चित्राखाली लिहिले होते, 'सुवर्णदुर्ग. ऐतिहासिक जलदुर्ग. प्रवाशांनी अवश्य पाहावा.' एवढ्यावर कोणाचे समाधान व्हावे? आमच्या नालवाडीच्या भागाबाई व धुरपता बाजारात भाजी विकून परतताना रिकाम्या टोपल्या दाराशी ठेवून आत आल्या. भागाबाईने मला विचारले, "बाई, हे आपल्या धाम नदीवानी आहे का?" मी म्हटले, नाही, याचा पलीकडचा काठ दिसत नाही. त्यावर ती म्हणाली, "मंग पल्याड कोन राह्यते?" महोदय, माझे केस या गावात पिकले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी सांगत सुटले. तरीच्या नावेतून खाडी ओलांडताना पाण्यात हात सोडून बसायचे ते, पावसाळ्यात मिठाचा डबा कसा पाझरतो ते, संध्याकाळी होड्या लागल्या की हर्णैला मासळीच्या लिलावात कसा गिल्ला होतो ते. दुसऱ्या दिवशी त्या आणखी बायका घेऊन आल्या. मी रोज जाऊ लागले. घरी आल्यावर घसा दुखे आणि तो दुखतो आहे याचा आनंद होई.

४. आता नारळाविषयी. येथे ज्या दिवसाला राखी म्हणतात ती आमची नारळी पौर्णिमा. त्या दिवशी कोळी समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात, असे मी सांगितले होते. पौर्णिमेला सकाळी पाहते तो नालवाडीच्या बायका डोक्यावरून न्हाऊन, हळदकुंकू नि नारळ घेऊन हजर. चपला दाराबाहेर. मला रडू फुटले, त्यामुळे पुढचे वेळेवर सांगणे झाले नाही. समुद्राला नारळ अखंड द्यायचा असतो, फोडायचा नसतो. आमच्याकडे हे कोणाला सांगावे लागत नाही, आणि देवापुढे नारळ फोडायचा हे इकडे कोणाला सांगावे लागत नाही. धुरपताने खोलीच्या दगडी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्यातले पाणी चित्रावर शिंपडले. सुवर्णदुर्गाच्या डाव्या अंगाला डाग पडला तो हा. श्री. रूपराव ओरडले तेव्हा ती म्हणाली, "देव समोर उभा, अन् नारळ हातात धरून काय करू जी? तुमीच सांगा." यावर त्यांनी कुलूप लावले.

५. सूचनेतील 'गैरवर्तन' या शब्दास माझी हरकत आहे. मोठमोठी माणसे बूट घालून आत आली, विड्या ओढून थोटके टाकून गेली, तेव्हा कुलूप लागले नाही. समुद्र आपला आहे असे लोकांना वाटावे, हाच सरकारचा हेतू होता ना? या बायकांना ते वाटले. त्यांनी पदरचा नारळ दिला.

६. तरी खोली उघडावी. मला दाराशी बसू द्यावे. पगार नको, खुर्ची नको, पाट मी घरून आणीन आणि नारळ दिसला तर बाहेरच ठेवून घेईन. वर्ध्यात समुद्र नाही, मग समुद्राची माहिती सांगणारी बाई कशाला, असे आपण म्हणाल. जिथे समुद्र आहे तिथे मला कोण विचारणार आहे?

७. आज सकाळी श्री. रूपराव म्हणाले, "बाई, मी पेटी बांधून राह्यलो. शनिवारी चित्रं मुंबईले जातेत." असे असेल तर निदान ते डागाचे चित्र मजकडे राहू द्यावे. सरकारला ते आता कोठे लावता येणार नाही. मी अजून रोज त्या बंद दारापर्यंत येऊन जाते. वाटेत भागाबाई विचारते, "काऊन बाई, आज समुद्र नाई का?" मी नाही म्हणते, आणि पुढे आमचे बोलणे होत नाही. घरात भांड्यांशी बोलायची माझी खोड मध्ये सुटली होती, ती पुन्हा लागली आहे. मी फार एकटी आहे, साहेब. हे कारण कचेरीत चालते की नाही मला ठाऊक नाही, पण माझ्याकडे दुसरे नाही.

शनिवारच्या आत उत्तर यावे, ही आशा धरून बसलेली,

शकुंतलाबाई आंजर्लेकर

सोबत :

(१) नालवाडीच्या बायकांचे अंगठे, एका कागदावर.

(२) नारळ एक, अखंड. वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल तर हा चित्रांच्या पेटीत घालावा. मुंबईला समुद्र आहे. पेटी उतरवून घेईल त्याला सांगावे की हा फोडायचा नाही, नुसता पाण्यात सोडायचा, आणि सोडताना आंजर्ल्याच्या शकूने दिला आहे एवढे म्हणायचे.