कादंबरीसाठी थोडी चित्रकला

३ फेब्रुवारी
कादंबरी तिसऱ्या प्रकरणात अडली आहे. कारण आज सापडलं. मोठ्या लेखकांची चरित्रं चाळली. कुणी चित्रं काढायचा, कुणी पियानो वाजवायचा. मी नुसता लिहितो. मग अडणारच.
मार्चअखेर हस्तलिखित दिलं नाही तर प्रकाशक माझ्याऐवजी मेहुण्याची कादंबरी छापणार म्हणे. मेहुणा बँकेत जेवणाच्या सुट्टीत लिहितो. हातात ब्रश कधी धरलेला नाही. काळजीचं कारण नाही.

५ फेब्रुवारी
ईझल, रंग, कॅनव्हास आणले. लिहायच्या टेबलावर मांडले. आता लिहायला जागा नाही, पण नायिका एकदा रंगांत पकडली की शब्द आपोआप येतील. बायकोला समोर बसवलं. ती भाजी निवडत बसली. नाक जमलं नाही. ती हलते.

११ फेब्रुवारी
नाक अजून नाही. बायकोने विचारलं, कादंबरीत नाकाचं काय काम आहे? नाक कळायला शिल्पकला हवी. माती मागवली.

१९ फेब्रुवारी, दुपारी
मातीने मोरी तुंबली. प्लंबरने विचारलं, साहेब, आत काय पेरलंय? वाक्य झकास आहे. चौथ्या प्रकरणात घालीन. तिसरं झालं की.

२ मार्च
गद्याला लय हवी. व्हायोलिन भाड्याने आणलं. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या, घरात कुणी आजारी आहे का. म्हणजे करुण रस पोचतोय.

२८ मार्च
लेखन: एक वाक्य. खोडलं. खोडताना मनगट मात्र चित्रकारासारखं फिरलं.

३१ मार्च
प्रकाशक आले. हस्तलिखित मागितलं. म्हटलं, आधी माझी नायिका बघा. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, डोंगर फार सुंदर उतरलाय. बायको उठून आत गेली. प्रकाशक चित्र घेऊन गेले, जाताना माझी पाठ थोपटली. जाणकार माणूस. एका चित्रात अख्खी कादंबरी कळली. आता फक्त लिहून काढायची.

१४ जून
पुस्तक आलं. मुखपृष्ठावर माझं चित्र, उलटं छापलेलं. उलटं जास्त बरं दिसतं, नाइलाज आहे. कादंबरी मेहुण्याची.
बायकोने आधी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, मग वाचायला बसली. सकाळपासून उठलेली नाही. दुपारी डोळे पुसताना दिसली. माझं काही वाचून ती कधी रडलेली नाही. वाईट वाटलं, खरंच वाटलं.
आतल्या पानावर बारीक टायपात चित्रकार म्हणून माझं नाव आहे. छापील पुस्तकात पहिल्यांदाच आलं. ते तिला दाखवावं म्हणून खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. मान वर न करता म्हणाली, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.