पाचवं वाक्य

सातारा, ३ मार्च २०२४

ती. आईस सोनमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं अख्ख्या हॉस्टेलला ऐकू जातं, म्हणून आपलं पत्रच बरं. परदेशी नर्सिंगची इंग्रजी परीक्षा सहा एप्रिलला आहे. बाईंनी सध्या एकच शब्द घोटायला दिलाय: नॅस्टी. घाण वास, कडू औषध, कुजकं बोलणारं माणूस, बिघडलेली हवा, चिघळलेली जखम, सगळ्यांना तो चालतो. तुझ्या रोजच्यातल्या पाच नकोशा गोष्टी कळव, मी वाक्यं करते. धोंडुआत्याला धरलंस तरी चालेल! साखरेची गोळी चुकवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढू दे.
सोनम

तासगाव, ९ मार्च

चि. सोनमला आईचा आशीर्वाद.

तुझा नॅस्टी शेडवरच्या बायकांस्नी लय आवडला. बेदाण्याला गंधकाची धुरी देत्यात तवा डोळं चुरचुरत्यात, ती धुरी घे. तू प्यायला लावतीस त्यो कारल्याचा रस घे. माल वाळत असताना भरून आलेलं आभाळ घे. धोंडुवन्सांची जीभ तर घेच, पर त्यास्नी कळू देऊ नगस. पाचवं काय सुचंना. चप्पल घासून डाव्या पायाला फोड आलाय, पर त्यो दुखतच न्हाई, तवा तुझ्या शब्दात बसंल का ठावं न्हाई.

जिवाला जपून ऱ्हा.
आई

सातारा, १४ मार्च

ती. आईस सोनमचा नमस्कार.

तुझी चार वाक्यं वर्गात गाजली. बाई आत्याला भेटायचं म्हणताहेत! फोडाचं सोड. दुखत नाही ना, मग तो कसला नॅस्टी? पाचवं मी माझं घालते. आता परीक्षा होईपर्यंत पत्र नाही, रुसू नकोस.

घाईत आहे, माया मात्र सावकाश कर.
सोनम

सांगली, ७ एप्रिल

सोनमे, धोंडुआत्याचा आशीर्वाद.

फोन दोनदा हातात घेतला आन ठेवला, म्हणून लिवतीया. रंगूचा, तुझ्या आईचा, डावा पाय शुक्रवारी घोट्याच्या वर कापला. साखरंनं पाय बधिर झालेला, तिला काय कळलंच न्हाई. वास मला आला. लय बोलले तिला, वडत दवाखान्यात आणली, पर उशीर झालेला. पेपर हुस्तवर तुला कळवायचं न्हाई अशी शपथ घातली हुती तिनं. तुमच्या यादीत मी हाय, माझी जीभच असणार; तुझी पत्रं वाचली मी. ऱ्हाऊ दे ते. लवकर ये.

आत्या

सांगली, तुझ्या कॉटशेजारून, ११ एप्रिल

ती. आईस,

तू झोपली आहेस. जागी असतीस तरी हे लिहूनच द्यावं लागलं असतं.

परीक्षेत इंग्रजी बोलून दाखवायला मला साखरेचा एक खोटा पेशंट दिला होता. मी न अडखळता त्याला सांगितलं, की रोज पाय बघा आणि न दुखणारी जखम सगळ्यांत आधी दाखवा. परीक्षक मान डोलवत होते. चार वर्षं शिकलेय मी हे, आई. आणि तुला लिहिलं, सोड.

आत्यानं तुझ्या दोन्ही चपला कॉटखाली जोडीनं ठेवल्यात. ती मला एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला रडू येत नाही. सकाळपासून चहा, डबा, ड्रेसिंग, सगळं नीट चाललंय. कुठंच काही दुखत नाहीये, आई.

हे तू तरी सोडून देऊ नकोस.

सोनम