अठरा नंबरच्या टाळ्या

११ नोव्हेंबर
अठरा नंबरला नवी पेशंट. वय चाळीस, समज पाच वर्षांच्या पोरीची. पोटदुखी, उलट्या. सोबत वडील — म्हातारे, शिंपीकाम केलेले. तिला ठमी म्हणतात. तिला मोजकेच शब्द येतात. मला बघून पहिलंच वाक्य — "मी शहाणी!"

वडील माझ्या मागे मागे फिरून काहीतरी सांगत होते. तीस पेशंट, दोन सिस्टर! कुणाकुणाचं ऐकू? म्हटलं, काका, लिहून द्या. बाकावर बसून कागदभर लिहिलं बिचाऱ्यांनी. तो मी एप्रनच्या खिशात कोंबला.

"मी थांबतो तिच्यापाशी. कोपऱ्यात बसेन." बायकांचा वॉर्ड, पुरुष माणसाला थांबता येत नाही. नियम सांगितला. दारापर्यंत चारदा वळून बघत गेले.

१२ नोव्हेंबर
दुखणं मोजायचा तक्ता तिच्यापुढे धरला. सहा चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. किती दुखतंय, दाखव बघू. तिने हसऱ्यावर बोट ठेवलं, वर त्याची पापी घेतली! मी शून्य लिहिलं. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा शून्य. डॉक्टर म्हणाले, मग घाई नाही, सोनोग्राफी परवा करू.

जेवली नाही. पण दुपारभर टाळ्या वाजवत होती. बघून बघून बाकीच्या बायकाही वाजवायला लागल्या. मीसुद्धा. कितीतरी दिवसांनी वॉर्ड हसला.

१३ नोव्हेंबर
आज टाळ्या थांबेचनात. सतरा नंबरच्या आजी करवादल्या — "डोकं उठलंय हो माझं!" इनचार्ज बाई माझ्यावरच डाफरल्या. मी तिचे दोन्ही हात धरून खाली दाबले. "बस्स! हात खाली. हात खाली ठेवते ती शहाणी."

तिने लगेच हात मांड्यांखाली घातले. म्हटलं, किती गुणाची पोर! तक्त्यावर शून्य.

१४ नोव्हेंबर
सुट्टी. सकाळी एप्रन भिजवायला घेतला, खिसे तपासले. कागद.

"सिस्टर, ठमीला दुखतं ते सांगता येत नाही. लहानपणी इंजेक्शन देताना तिची आई म्हणायची, दुखणं जाईपर्यंत टाळ्या वाजव. तेव्हापासून दुखलं की टाळ्या वाजवते. जास्त दुखलं तर जोरात. चित्रं दाखवून विचारू नका. तिला हसरं तोंड आवडतं."

वॉर्डला फोन केला. ड्यूटीवरची म्हणाली, "छान शांत पडून आहे की! थोडा ताप आहे." अगं, डॉक्टरांना बोलव! आत्ताच्या आत्ता! रिक्षा करून पोचेपर्यंत तिला ऑपरेशनला आत घेतलं होतं. अपेंडिक्स फुटलेलं. पोटभर पू.

आम्ही तिच्या दुखण्यावर हसलो. टाळ्या वाजवल्या तिच्याबरोबर! आणि मग मी तिचं तोंडच बंद केलं.

१५ नोव्हेंबर
आयसीयू. शुद्ध नाही.

१७ नोव्हेंबर
इनचार्ज बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फाईलला कागद नाही ना? मग कागद नव्हताच. नोकरी सांभाळ." घरी नवरा म्हणतो, एवढं जिवाला लावून घेऊ नकोस. मग कुणी लावून घ्यायचं?

काका आयसीयूबाहेर बाकावर बसून असतात. दिसले की मी दुसऱ्या जिन्याने जाते. मला मेलीला त्यांना तोंड दाखवायची हिंमत नाही.

२० नोव्हेंबर
डोळे उघडले. वाचेल म्हणतात. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. काकांना सांगायचंच, असं ठरवलं. सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर
ठमी वॉर्डात परत. काकांना थांबू देतात आता, मी भांडून परवानगी काढली. आज ड्रेसिंग माझ्याकडे. वीतभर जखम, आत बोळा भरलेला. तो ओढून काढताना भले भले किंचाळतात. हिची एक टाळी नाही.

काकांचा चेहरा उजळला. "बघा, टाळ्या नाहीत! म्हणजे दुखत नाही तिला. फार हलका हात आहे हो तुमचा."

मी चादर बाजूला केली. दोन्ही हात मांड्यांखाली, दाबून धरलेले. बोटं पांढरीफटक. ओठांवर घाम. माझ्याकडे बघून विचारते —

"मी शहाणी ना?"