दोन दिवस थांब

कनोरा, सस्कॅचवान
रविवार, ६ ऑक्टोबर

प्रिय मार्ताआत्या,

तुझा गुडघा आता बरा असेल. इथे काल सकाळी अंगणात बर्फाची पहिली पापडी दिसली.

आधी मागच्या पत्रातली चूक. आजोबांनी गहू चावून पाहिला आणि 'वाळलाय' म्हणाले, असं मी लिहिलं होतं. तसं ते म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "दोन दिवस थांब, लारिसा."

दहा वर्षांची होईपर्यंत तूच मला स्वयंपाकघरात शिकवलंस: चूक खोडायची नाही, शेजारी बरोबर काय ते लिहायचं. म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी बाबा गावात गेले होते आणि नवा हार्वेस्टर माझ्या हातात होता. पडद्यावर ओलावा चौदा टक्के दिसत होता.

"मशीन म्हणतंय वाळलाय," मी म्हटलं.

"मशीनला दात आहेत का? माझ्या जुन्याचं काही बिघडलं की आवाजावरून कळतं, दोन पान्यांत उघडता येतं. ह्याला काय झालंय ते ह्यालाच विचारावं लागतं!"

मी हसले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं शेत कापून गहू कोठीत भरला.

पडद्यावर पीक 'वाटाणा' असंच राहिलं होतं, आधीच्या शेताचं. एक बटण दाबून 'गहू' करायचं होतं, नाहीतर ओलाव्याचा आकडा चुकतो. तिसऱ्या दिवशी ते लक्षात आलं, तेव्हा मी गुपचूप बदललं.

आठवड्याने आजोबांनी नेहमीसारखी कोठीत लोखंडी सळई खुपसली. बाहेर काढली तर हातात धरवेना. गहू आतून तापला होता.

"ओला गहू कापायला कुणी सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"आजोबांनी चावून पाहिला होता," मी म्हणाले. यातला शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते जास्त वाईट.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "दाढा म्हाताऱ्या झाल्या रे, ओरेस्ट."

"मग त्या दाढा घेऊन जा मार्ताकडे सस्कॅटूनला!"

पुढचं तुला ठाऊक आहे. गुरुवारी लिलाववाले जुना हार्वेस्टर नेणार, शनिवारी तू आजोबांना. ते आता कोठीकडे फिरकत नाहीत. काल जुन्या मशीनला ग्रीस लावत होते.

"विकायचंय ना ते?" मी विचारलं.

"म्हणून कोरडं द्यायचं?"

"आजोबा, ते बटण..."

"तो डबा दे इकडे," ते म्हणाले.

त्यांना सगळं माहीत आहे, आत्या.

बाबा मंगळवारी रात्री रेजायनाहून येतील. फोनवर सांगता येईल, पण मग त्यांचा चेहरा बघावा लागणार नाही. म्हणून फोनवर नाही. आजोबांची खोली तिकडे अजून लावू नकोस. दुपारच्या जेवणाला, आजोबा समोर बसलेले असताना, बाबांना सांगणार आहे. त्या दिवसाची तारीख खाली लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तुझी विद्यार्थिनी,
लारिसा

बुधवार, ९ ऑक्टोबर.